किडनी वाचवणारी गोळी आणि दुपारची शुगर: प्रत्यारोपण करणाऱ्या डॉक्टरांना मिरजेच्या औषध दुकानदाराचं खुलं पत्र

मिरज, जि. सांगली

प्रति,
किडनी प्रत्यारोपण करणारे डॉक्टर, त्यानंतर पेशंट सांभाळणारे डॉक्टर, प्रत्यारोपण समन्वयक आणि आमच्या भागातले लॅबवाले यांस,

सप्रेम नमस्कार.

मी मिरजेत गेली बावीस वर्षं औषधाचं दुकान चालवतो. सतारी आणि दवाखाने, या दोन गोष्टींसाठी आमचं गाव ओळखलं जातं. वॉन्लेस साहेबांनी १८९४ साली इथं मिशनचं हॉस्पिटल उभारलं, तेव्हापासून अथणी-रायबागपासून जत-आटपाडीपर्यंतचा माणूस दुखणं घेऊन मिरज स्टेशनवर उतरतो. किडनीचं ऑपरेशन पुण्यात होवो, मुंबईत होवो, बेळगावात होवो की इथं, पुढच्या गोळ्या आमच्यासारख्यांच्या काउंटरवरून जातात. दर महिन्याला, आणि किडनी चालते तोवर. म्हणून हे पत्र माझ्याकडून येतंय. मी डॉक्टर नाही, बी.फार्म. झालेला दुकानदार आहे. चुकेन तिथं कान धरा.

मागणी आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना ओपीडी उरकायचीय त्यांनी पुढचं नाही वाचलं तरी चालेल. किडनी बसवलेल्या माणसाला घरी सोडताना त्याच्या कार्डावर मराठीत लिहा की या गोळ्यांनी शुगर वाढू शकते. आणि पहिले काही महिने सकाळची उपाशीपोटीची शुगर बघून थांबू नका, दुपारी जेवणानंतरचीही बघा.

आता सविस्तर.

आमच्या धंद्यात चिठ्ठी वाचली की घरचं कळतं. नवीन किडनी बसवलेल्याची चिठ्ठी लांबूनच ओळखू येते. टॅक्रोलिमस (आमच्या भाषेत टॅक) एक मिलिग्रॅम, त्याच्याच खाली अर्धा मिलिग्रॅम, मायकोफेनोलेट, प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड (शरीरानं नवी किडनी नाकारू नये म्हणून ही तिन्ही), इन्फेक्शनसाठी सल्फाची गोळी, बीपीची एक-दोन. ही यादी महिन्या-दोन महिन्यांनी थोडी आखूड होते आणि माणूस हसत पैसे देतो. पण काहींच्या यादीत त्याच सुमाराला एक नवीन ओळ येते, ग्लिमेपिराइड नाहीतर इन्सुलिनचं पेन.

"दादा, ही कसली गोळी वाढली ओ?"

"शुगरची."

"मला कुठाय शुगर? मला किडनीचा त्रास हुता."

हे संभाषण मी इतक्यांदा केलंय की आता समोरचा तोंड उघडायच्या आधीच स्टूल पुढं सरकवतो.

त्यातला एक मुलगा डोक्यातून जात नाही. ओळख लागू नये म्हणून बारीकसारीक बदलून सांगतो. जत तालुक्याच्या बाजूचा, तिशीतला, डाळिंबाची बाग. किडनी आईची. ऑपरेशन झकास झालं, क्रिएटिनीन, म्हणजे किडनी बिघडली की रक्तात वाढणारा आकडा, १.१ वर आलं. अडीच महिन्यांनी दुकानात आला तेव्हा पँट ढगळ झाली होती आणि दोन मिनिटांत दोनदा पाणी मागितलं. मी विचारलं, लघवीला किती वेळा? तर सोबतची आई कौतुकानं म्हणाली, "रात्रीत पाच-पाच वेळा उठतोय, नवी किडनी लई जोरात चाललीया." दोन वर्षं डायलिसिसवर असलेल्या माणसाच्या घरात लघवी होणं ही दिवाळी असते, हे तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. त्या आनंदात कुणाला शंका येणार? मी काउंटरवरच्या ग्लुकोमीटरनं शुगर बघितली. दुपारचे चार वाजले होते. ३८६.

फाइल उघडली तर प्रत्येक रिपोर्टमध्ये उपाशीपोटीची शुगर शंभराच्या आसपास. ९८, १०४, १०२. लॅबनं खरंच लिहिलं होतं, डॉक्टरांनी खरंच बघितलं होतं. घड्याळ तेवढं चुकलं होतं.

पुढचं ऐका. घरी कलागत सुरू झाली. अशक्तपणा जावा म्हणून मावशीनं डिंकाचे लाडू पाठवले होते, कुणी पेंडखजूर आणून दिला होता. सगळं बालंट त्या लाडवांवर आलं. आई म्हणाली, मी अंगातलं काढून दिलं आणि ह्यानं जिभेपायी त्याची माती केली. मुलगा गप्प. मग त्यानं मोबाइलवर शोधलं, टॅक्रोलिमसनं शुगर होते हे त्याला तिथं सापडलं, आणि कुणालाही न विचारता त्यानं टॅकचा डोस निम्मा केला. माझ्याकडून गोळ्या कमी नेल्या तेव्हा मलाही वाटलं, डॉक्टरांनीच कमी केल्या असतील. महिन्यानं क्रिएटिनीन २.३. बायोप्सी, रिजेक्शन (शरीर नवी किडनी नाकारायला लागलं होतं), तीन दिवस स्टिरॉइडची इंजेक्शनं, आणि त्या इंजेक्शनांनी शुगर आणखी वर. किडनी वाचली, पण क्रिएटिनीन पुन्हा १.१ वर आलं नाही, १.६ वर थांबलं. आईची जी किडनी 'गोळ्यांनी शुगर वाढू शकते, पण गोळी स्वतःहून कमी करू नका' एवढ्या एका वाक्यानं सुरक्षित राहिली असती, तिच्यातला काही भाग असा गेला.

ते वाक्य कुणी सांगायचं होतं? माझ्याकडे टॅकचा जो बॉक्स येतो, त्यात घडी घालून ठेवलेला एक कागद असतो. मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत. प्रत्यारोपणानंतर होणाऱ्या डायबिटीसचा इशारा त्यात छापलेला आहे. म्हणजे कंपनीनं सांगितलं, आणि सांगून मोकळी झाली. तो कागद उलगडणारा माणूस बावीस वर्षांत मला भेटलेला नाही.

आणि ही काही कालची बातमी नव्हे. टॅक्रोलिमस सापडलं १९८४ साली, जपानमधल्या त्सुकुबा डोंगराजवळच्या मातीतल्या जंतूत. १९८९ मध्ये पिट्सबर्गला डॉ. थॉमस स्टार्झल यांनी ते माणसांत वापरलं. आणि किडनीच्या पेशंटांवर टॅक्रोलिमस आणि सायक्लोस्पोरिन हे त्याच कामाचं जुनं औषध यांची तुलना करणारा अमेरिकेतला मोठा अभ्यास १९९७ साली छापून आला, तेव्हाच त्यात दिसलं होतं की इन्सुलिन लागण्याइतका नवीन डायबिटीस टॅकवाल्यांत शंभरात वीस जणांना आणि सायक्लोस्पोरिनवाल्यांत चार जणांना झाला. पुढं डोस कमी झाले, स्टिरॉइड कमी झालं, आकडे उतरले. तरी आजही, कोणती व्याख्या धरता आणि कधी मोजता त्यानुसार, दहापासून तीस टक्क्यांपर्यंतचे आकडे सांगितले जातात. शंभरातले दहा धरले तरी ते दहा जण माझ्या स्टुलावर बसून "मी काय खाल्लं?" असंच विचारतात.

त्यांना मी कसं समजावतो ते लिहितो. तुम्हाला यातलं सगळं पाठ आहे, पण गावातल्या माणसाला काय पटतं हे कदाचित उपयोगी पडेल.

आमच्याकडे सगळ्यांना डीपी, म्हणजे शेतातल्या मोटारींना वीज देणारी पेटी, ठाऊक असते. शिवारातल्या एका डीपीवरून दोन मोटारी चालतात असं धरा. एक मोटार भांडकुदळ शेजाऱ्याची, तो तुमच्या नव्या बागेत पाणी सोडून ती कुजवायला निघालाय. तो म्हणजे शरीरातल्या टी-पेशी, ज्यांना नवी किडनी परकी वाटते. दुसरी मोटार तुमची स्वतःची, स्वादुपिंडातल्या इन्सुलिन करणाऱ्या बेटा पेशींची. शेजाऱ्याची मोटार बंद करायला डॉक्टर डीपीतला फ्यूज सैल करतात. शेजारी थांबतो, बाग वाचते. पण तुमच्याही मोटारीला दाब कमी पडतो. ती बंद पडत नाही, घरघर करत चालते, फक्त पाणी टाकीपर्यंत चढत नाही.

त्या फ्यूजचं नाव कॅल्सिन्युरिन. टी-पेशीला परकं काही दिसलं की तिच्या आत कॅल्शियम वाढतं, त्यानं कॅल्सिन्युरिन जागं होतं, ते एनएफएटी नावाच्या प्रथिनाला चिकटलेला फॉस्फेट काढतं, आणि मोकळं झालेलं एनएफएटी केंद्रकात जाऊन इंटरल्युकिन-२ चं जनुक चालू करतं. मग फौज वाढते. टॅक्रोलिमस पेशीतल्या एफकेबीपी-१२ या प्रथिनाला धरून कॅल्सिन्युरिनवर बसतं, सायक्लोस्पोरिन सायक्लोफिलिनला धरून. वाट वेगळी, गाठायचं ठिकाण एकच. अडचण ही की बेटा पेशीतही हीच साखळी आहे. जेवणानंतर ग्लुकोज आत आलं की तिच्यातही कॅल्शियम वाढतं, आणि तिथं कॅल्सिन्युरिन व एनएफएटी इन्सुलिनच्या जनुकाला, पेशीच्या स्वतःच्या वाढीला हात देतात. २००६ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 'नेचर'मध्ये दाखवलं की उंदरांच्या फक्त बेटा पेशींतलं कॅल्सिन्युरिन काढलं तर पिल्लं जन्मतात ठीक, पण वयाबरोबर बेटा पेशी वाढायला हव्यात त्या वाढत नाहीत आणि त्यांना डायबिटीस होतो. एनएफएटी पुन्हा चालू केलं की सुधारतात. शरीरानं दोन्ही घरांना एकच डीपी का दिली हे त्यालाच ठाऊक.

हे सगळं चालतं किती जागेत? लँगरहान्स नावाच्या जर्मन विद्यार्थ्यानं १८६९ साली स्वादुपिंडातली ही बेटं पाहिली. माणसात ती दहा लाखांच्या आसपास असतात, पण सगळी मिळून वजन ग्रॅम-दीड ग्रॅम. दोन-तीन बेदाण्यांएवढं वजन म्हणा, आम्हा तासगाव-मिरजेकडच्यांना ते माप लगेच समजतं. तेवढ्या बेदाण्यांवर जन्मभराची साखर अवलंबून.

एक दिलासा मी आवर्जून देतो. स्वादुपिंड बसवलेल्या पेशंटांच्या बायोप्सींत दिसलंय की या औषधांनी बेटा पेशी फुगतात, त्यांच्यात पोकळ्या पडतात, इन्सुलिनचे कण विरळ होतात. आणि औषधाची पातळी खाली आणली की यातलं बरंच माघारी येऊ शकतं. दाब कमी झालेली मोटार ही जळालेली मोटार नसते. पण दाब कमी असताना तिच्यावर दुप्पट शेत भिजवायचा भार टाकला तर जळू शकते. तो भार टाकतं स्टिरॉइड. प्रेडनिसोलोनमुळे लिव्हर साखर सोडत राहतं आणि स्नायू इन्सुलिनला दाद देत नाहीत. मागणी वाढली आणि पुरवठा घटला, की बाजारात काय होतं ते सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हमालालाही विचारा.

त्यात नवी किडनी स्वतः भर घालते, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. किडनी निकामी असताना शरीरातलं इन्सुलिन लवकर निघून जात नाही, कारण ते निकामी करण्याच्या कामात किडनीचा मोठा वाटा असतो. म्हणून डायलिसिसवर असताना शुगर बरी दिसते. नवी किडनी आली की ती इन्सुलिन झपाझप संपवते, वर स्वतःही थोडं ग्लुकोज तयार करते. म्हणजे "आधी तर शुगर नॉर्मल होती" हे वाक्य खरं असलं तरी त्यावर विसंबता येत नाही. किडनी जाऊन आधीच दुबळी मोटार झाकली गेली होती. म्हणून ऑपरेशनच्या आधी, यादीत नाव लागतं तेव्हाच, ग्लुकोज पाजून दोन तासांची चाचणी करावी. घरात आई-वडिलांना डायबिटीस असेल, वय चाळिशीपुढं असेल, पोट सुटलेलं असेल, हेपटायटिस सी असेल, तर जास्तच.

आता घड्याळाची गोष्ट, ज्यासाठी मी खरं तर लिहायला बसलो.

प्रेडनिसोलोन सकाळी नाष्ट्यानंतर घेतात. त्याचा साखरेवरचा जोर दुपारनंतर चढतो, संध्याकाळपर्यंत राहतो आणि रात्रीतून ओसरतो. सकाळी सात वाजता सुई टोचली तर तुम्हाला पूर ओसरल्यानंतरची कृष्णा दिसणार. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. ते जर कुणी पंधरा दिवसांनी येऊन मोजलं असतं तर कागदावर नदी शांतच होती. लॅब मात्र सगळ्या सकाळच्याच. पेशंटही सकाळीच येतो, कारण टॅकची लेव्हल, म्हणजे रक्तातली पातळी, सकाळची गोळी घ्यायच्या आधी, रात्रीच्या गोळीला बारा तास झाल्यावर काढायची असते. एकाच सुईत सगळं उरकलं की त्यालाही बरं, लॅबलाही बरं. शुगर मात्र निसटते.

एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या शुगरचा अंदाज देणारी तपासणी सांगाल, तर तीही पहिल्या महिन्यांत फसवते. नव्या किडनीमुळे रक्त नव्यानं तयार होऊ लागतं, तांबड्या पेशी कोवळ्या असतात, कुणाला रक्त चढवलेलं असतं, कुणाला रक्तवाढीची इंजेक्शनं चालू असतात. कोवळ्या पेशीला साखर चिकटायला वेळच मिळालेला नसतो, आकडा खोटा कमी येतो. ६.५ च्या खाली आला म्हणून सुटकेचा श्वास टाकू नये. आणि उलट बाजूही मांडतो: ऑपरेशननंतरच्या पहिल्या आठवड्यांत स्टिरॉइडचा डोस इतका असतो की बहुतेकांची शुगर वर जातेच, तेव्हा लगेच कायमच्या डायबिटीसचा शिक्काही मारू नये. २०१३ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांची बैठक झाली तिनंही हेच सांगितलं, की निदान पेशंट स्थिर झाल्यावर करा. शिक्का नंतर मारा, नजर पहिल्या दिवसापासून ठेवा. ग्लुकोमीटरची वीस-बावीस रुपयांची एक पट्टी आणि दुपारचे चार.

व्हिएन्नाच्या डॉक्टरांनी याच्याही पुढचा विचार केला. दुपारी-संध्याकाळी शुगर चढते ना, मग ऑपरेशननंतर लगेच थोडं इन्सुलिन बाहेरून द्यायचं, दमलेल्या बेटा पेशीला विसावा मिळू द्यायचा. २०१२ सालच्या त्यांच्या पन्नास पेशंटांच्या अभ्यासात वर्षभरानं इन्सुलिन दिलेल्या गटात डायबिटीस बराच कमी दिसला. नंतरच्या मोठ्या अभ्यासात निकाल इतका स्वच्छ आला नाही आणि शुगर एकदम खाली जाण्याचे प्रकारही झाले. म्हणून सगळ्यांना द्या असं मी म्हणत नाही, तो माझा अधिकारही नाही. पण इन्सुलिन म्हणजे शेवटची पायरी ही जी भीती आमच्या लोकांत आहे, ती काढायला ही गोष्ट मला फार उपयोगी पडते. "बैलाला आठवडाभर जू काढून ठेवतो तसं समजा," एवढंच सांगतो.

मग टॅकच बदला की, असं तुमच्यापुढं बसलेला पेशंट म्हणेल. माझ्यापुढं म्हणतो. तेव्हा मी तुमची बाजू घेतो, हे नोंदवून ठेवा. टॅक हे रिजेक्शन रोखायला सगळ्यात भरवशाचं औषध ठरलंय म्हणून तर ते जगभर पहिलं देतात. काहींची शुगर सायक्लोस्पोरिनवर नेल्यावर खाली आलेली अभ्यासांत दिसलीय, पण तो जुगार आहे आणि फासे तुमच्याच हातात हवेत. सिरोलिमस सुचवणारेही भेटतात. ईस्टर बेटाच्या मातीतून आलेलं ते औषध कॅल्सिन्युरिनला हात लावत नाही, पण एमटॉर नावाची दुसरी कळ दाबतं आणि बेटा पेशींची वाढ तिथं अडते. फुकट काही मिळत नाही. मायकोफेनोलेटचं शुगरशी फारसं वैर नाही, पण ते एकटं बाग राखू शकत नाही.

२००० साली कॅनडात एडमंटनला सात पेशंटांना दुसऱ्याच्या स्वादुपिंडातली फक्त बेटं काढून लिव्हरमध्ये सोडली होती. टाइप वन डायबिटीसवाले. सातही जण इन्सुलिनशिवाय राहू लागले, जगभर बातमी झाली. त्यांनी औषधं कशी निवडली बघा: स्टिरॉइड अजिबात नाही, टॅक अगदी कमी, जोडीला सिरोलिमस. ज्यांना बेटा पेशीच वाचवायच्या होत्या त्यांनी काय टाळलं, यातच सगळं आलं. आणि तरी पाच वर्षांनी त्या पद्धतीनं उपचार घेतलेल्यांपैकी बहुतेकांना पुन्हा इन्सुलिन लागलं. कारणं अनेक, पण त्यातलं एक हेच, की पोटातून शोषलेलं औषध पहिलं लिव्हरमध्येच जातं, आणि बेटं तिथंच बसवलेली.

तुमच्यातले काही जण खासगीत म्हणतात, "आधीच घाबरलेला असतो. गोळ्यांनी शुगर होते असं सांगितलं तर गोळ्याच बंद करेल." मला हे पटत नाही, आणि जतच्या त्या मुलामुळं अजिबातच पटत नाही. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, तरी त्यानं गोळ्या कमी केल्याच. त्याला मोबाइलनं सांगितलं, आणि मोबाइलनं पुढचं वाक्य सांगितलं नाही. आमच्या द्राक्षवाल्यांना बघा. डावणी रोगाचं औषध मारताना डोस चढला तर पान करपतं हे प्रत्येकाला माहीत असतं. म्हणून कुणी फवारणी सोडत नाही, माप सांभाळतो. ऑक्टोबर छाटणीपासून बेदाणा शेडवर जाईपर्यंत जो माणूस फवारणीची वही ठेवतो, तो स्वतःच्या शुगरची वही ठेवू शकत नाही असं समजणं हा त्याचा अपमान आहे.

माझीही एक चूक सांगून टाकतो, नाहीतर हे पत्र म्हणजे दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ होईल. काही वर्षांपूर्वी एका पेशंटचा नेहमीचा टॅकचा ब्रँड संपला होता. शनिवार संध्याकाळ होती, कोल्हापूरहून माल सोमवारी येणार होता. मी दुसऱ्या कंपनीची तीच मात्रा दिली आणि डॉक्टरांना फोन केला नाही. सोमवारी तो नेहमीच्या ब्रँडवर परत यायला हवा होता, पण दुसरा थोडा स्वस्त होता म्हणून तोच घेत राहिला, आणि मी देत राहिलो. पुढच्या तपासणीत त्याची लेव्हल दीडपट आली. त्याच सुमाराला शुगरही वर. माझ्यामुळंच असं सिद्ध करता येणार नाही. पण टॅकची सुरक्षित पट्टी अरुंद असते आणि ब्रँड बदलला की लेव्हल पुन्हा बघायची असते, हे मला ठाऊक होतं. तेव्हापासून कपाटाच्या दारावर आतून चिठ्ठी चिकटवलीय: "टॅक बदलायचा तर आधी फोन." धंदेबंधूंनीही चिकटवावी.

लेव्हल वर नेणाऱ्या घरगुती गोष्टीही कार्डावर येऊ द्या. गणपतीच्या दिवसांत मंडईत पपनस येतं. ते आणि ग्रेपफ्रूट, दोन्ही टॅकचा निचरा थांबवतात. टॅक वाढलं की किडनीलाही मार आणि बेटा पेशीलाही. हळदीच्या सांगलीत हे बोलणं धाडसाचं आहे, पण हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल आणि चमचा-चमचा हळद घालून केलेले काढे यांच्यापासूनही या पेशंटांनी लांब राहावं. आमटीतल्या चिमटीबद्दल मी बोलत नाही, उगाच हळदीच्या पेवांसाठी ओळखल्या जाणाऱ्या हरिपूरला मला कुणी अडवायला नको. आणि मॅग्नेशियम. टॅक ते लघवीवाटे घालवतं, आणि मॅग्नेशियम कमी असलेल्यांत शुगर जास्त दिसते. ही तपासणी चिठ्ठीवर मला क्वचित दिसते.

लाडवांचा मुद्दा मी झटकत नाही. स्टिरॉइडनं भूक खवळते, डायलिसिसचं पथ्य सुटल्याच्या आनंदात माणूस दोन महिन्यांत आठ किलो चढतो, आणि त्या वजनाचाही शुगरमध्ये वाटा असतो. गूळ चालतो, उसाचा रस नैसर्गिक असतो, हे समज आमच्या साखर कारखान्यांच्या पट्ट्यात मुळं धरून आहेत. पण पथ्य हा उपायातला भाग आहे. आरोपपत्र नव्हे. किडनी देणारी आई आणि घेणारा मुलगा यांच्यामध्ये आधीच इतकं न बोललेलं असतं, त्यात ही एक शिवी कशाला?

लॅबवाल्यांना दोनच विनंत्या. टॅकच्या रिपोर्टवर शेवटची गोळी किती वाजता घेतली ते विचारून लिहा. सकाळची गोळी खाऊन आलेल्याची लेव्हल बघून डोस बदलला जातो, हे मी पाहिलंय. आणि प्रत्यारोपणाच्या पेशंटला पहिले काही महिने दुपारी चारला एक फेरी मारू द्या, किंवा घरी पट्टीवर काढलेला आकडा रिपोर्टच्या कोपऱ्यात नोंदवा.

समन्वयकांना एक. संमतीचे कागद वाचून दाखवता तेव्हा देणाऱ्यालाही हे सांगा, फक्त घेणाऱ्याला नको. घरात बोलणारी तीच असते, आणि आमच्याकडे देणारी बहुतेक वेळा आई नाहीतर बायकोच असते.

कार्डाचा मसुदा मी करून ठेवलाय, पोस्टकार्डाएवढा. वरच्या बाजूला मराठीत, मागे कन्नडमध्ये, ते अथणीच्या एका मास्तरांनी लिहून दिलं. मजकूर असा:

"या गोळ्या नवी किडनी राखतात. त्यांनी काही जणांची शुगर वाढते. दोष तुमचा नाही. गोळी स्वतःहून कमी-जास्त करू नका. तहान, रात्री वारंवार लघवी, वजन उतरणं, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी फोन करा. शुगर दुपारी चार वाजता बघा आणि इथं लिहा."

खाली नव्वद चौकोन आखलेत. त्याखाली 'फोन कुणाला' अशी ओळ आहे, ती कोरी ठेवलीय. तिथं माझ्या दुकानाचा नंबर नको, तुमचा हवा. शंभर प्रती माझ्या खर्चानं छापल्यात, काउंटरवर डाव्या हाताला ठेवल्यात. मजकुरात बदल हवा असेल तर लाल पेनानं करून पाठवा, पुढच्या शंभर तशा छापतो.

कळावे, लोभ असावा.

आपला,
मिरजेतला एक औषध दुकानदार